क्रिस्तपुराण आणि परमेश्वराची ओढ

साष्टीतील चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू असता एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने आपल्या पाद्री गुरूला एक प्रश्न विचारला, असे क्रिस्तपुराणाच्या आरंभी सांगितले आहे. प्रश्नाचा आशय असा: आमची पूर्वीची पुराणे वाचण्यास आपण आम्हांला मनाई केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे एखादे पुराण आपण आम्हांला का देत नाही? फादर थॉमस स्टीफन्स यांचा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ या एका प्रश्नातून निघाला आहे. निदान वाचकाने तसे समजावे, अशी कवीची इच्छा आहे.

हा प्रश्न आम्ही पुष्कळ वर्षे केवळ प्रस्तावनेचा भाग समजत होतो. आपल्याकडील जुन्या ग्रंथांत शिष्य विचारतो, गुरू सांगू लागतो आणि कथा सुरू होते. ती एक रूढी आहे, यापलीकडे आम्ही विचार केला नव्हता. ख्रिस्ती जीवनात परमेश्वराविषयीची ओढ कशी जोपासावी, या विषयावर धर्मशिक्षकांच्या शिबिरात बोलण्याची पाळी आली, तेव्हा ग्रंथ पुन्हा हाती घेतला. त्या वेळी ध्यानात आले की, मराठीत या विषयावर ख्रिस्ती दृष्टीने जे काही चिंतन झाले आहे, त्यातील फार जुने आणि फार मोलाचे चिंतन या प्रश्नात आणि त्याला दिलेल्या उत्तराच्या घडणीत आहे. क्रिस्तपुराणाचे भाषावैभव सर्वांना ऐकून ठाऊक असते. मराठी भाषेच्या स्तुतीच्या त्या मोजक्या ओव्या दरवर्षी मराठी भाषा गौरव दिनी कोठे ना कोठे म्हटल्या जातात आणि मग ग्रंथ पुन्हा कपाटात जातो. आम्ही धर्मगुरूही याला अपवाद नाही. या लेखात भाषेविषयी थोडेच बोलावयाचे आहे. ग्रंथाच्या मांडणीविषयी अधिक.

आवश्यक तेवढी माहिती प्रथम नोंदवू. स्टीफन्स हे इंग्लंडातील विल्टशर परगण्याचे. जन्म १५४९ च्या सुमाराचा. रोम येथे येशूसंघात प्रवेश करून ते १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघाले, त्याच वर्षी २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास पोहोचले आणि १६१९ मध्ये देहान्त होईपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षे येथेच, मुख्यतः साष्टीत राहिले. क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांच्या आधाराने. कानडा किनाऱ्यावरील ख्रिस्ती कुटुंबांनी जपलेल्या पोथ्यांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरची आवृत्ती काढली. लंडन येथील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनी १९२० च्या दशकात अभ्यासकांच्या नजरेस आणले. पुढे शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये व फादर कारिदाद द्रागो यांनी १९९६ मध्ये देवनागरी आवृत्त्या सिद्ध केल्या. आता ग्रंथ मिळत नाही, ही सबब आपल्याला उरलेली नाही.

प्रश्नाकडे परत येऊ. या नवख्रिस्ती माणसाला भूक लागली आहे, आणि ती सांगताना तो जे म्हणतो ते आपल्याला अवघडून टाकणारे आहे. ज्या पुराणांवर त्याचे मन पोसले होते ती त्याच्यापासून काढून घेतली गेली आहेत, आणि ती काढून घेणारे आपणच आहोत. १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडली गेली. ग्रंथ जप्त झाले. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रामायण-महाभारतातील कथांची मराठी व कोकणी हस्तलिखिते रोमन लिपीत उतरवलेली आजही आहेत. येशूसंघीयांनी ती आपल्या अभ्यासासाठी तयार करून घेतली होती. म्हणजे शिष्यांना जे वर्ज्य होते ते गुरू वाचीत होते. हा इतिहास झाकून क्रिस्तपुराणाचे कौतुक करता येणार नाही. भूक नैसर्गिक होती हे खरे. परंतु ताट रिकामे झाले होते ते माणसांच्या हातांनी.

स्टीफन्स यांना याची जाणीव होती का? ग्रंथात तशी कबुली नाही, आणि त्या काळच्या धर्मगुरूकडून ती अपेक्षिणेही योग्य नव्हे. तथापि एक गोष्ट विसरता येत नाही. ते दहा वर्षांचे असताना, १५५९ च्या कायद्याने, त्यांच्या स्वतःच्या देशात मिस्सा बंद झाली. कॅथलिक उपासनेचे ग्रंथ तेथे लपवून ठेवावे लागत. त्यांचे स्नेही थॉमस पाउंड यांनी श्रद्धेपायी वर्षानुवर्षे इंग्लंडातील तुरुंग भोगले. उपासनेची पोथी हातातून गेली म्हणजे माणसाचे काय होते, हे ज्याने घरी पाहिले होते, त्याच्यासमोर साष्टीतला हा माणूस उभा राहिला. आम्हांला वाटते, म्हणूनच हा प्रश्न ग्रंथात राहिला. दुसऱ्या एखाद्याने तो उद्धटपणा म्हणून गाळला असता. स्टीफन्स यांनी तो दाराशीच ठेवला. आत जाणाऱ्या प्रत्येक वाचकाला तो ओलांडूनच जावे लागते.

आता उत्तर पाहू. भुकेल्यापुढे आपण सामान्यतः ताबडतोब वाढतो. नवख्रिस्ती माणसाने पुराण मागितले, तर पाद्रीने लगेच येशूची कथा सांगावी, बेथलेहेमपासून कालवारीपर्यंत, असेच कोणालाही वाटेल. स्टीफन्स तसे करीत नाहीत. ग्रंथाचे दोन भाग आहेत: पहिल्या पुराणात छत्तीस अवस्वरू, दुसऱ्यात एकोणसाठ. ख्रिस्ताचे चरित्र दुसऱ्या पुराणात येते. पहिले सर्व पुराण उत्पत्ती, पतन, कुलपती, मोशे, राजे, संदेष्टे यांना वाहिलेले आहे. पंचाण्णवांपैकी छत्तीस, म्हणजे ग्रंथाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग, तारणारा अजून यावयाचा आहे अशा स्थितीत जातो. एका अवस्वरूत सरासरी शंभराहून अधिक ओव्या. दर रविवारी एक अवस्वरू म्हटला गेला असे धरले, तर ऐकणाऱ्याला सुमारे आठ महिने थांबावे लागेल. मग कोठे गब्रिएल दूत नाझरेथला येईल.

येथे कोणी म्हणेल की यात विशेष काय? सृष्टी, पाप, तारण हा क्रम प्रत्येक धर्मशिक्षणाच्या पुस्तकात असतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर घडलेल्या एका येशूसंघीयाने तोच क्रम ओवीत बसवला, एवढेच. हा आक्षेप पोकळ नाही. क्रम खरोखरच त्यांचा स्वतःचा नव्हे. परंतु प्रमाण त्यांचे आहे. त्याच क्रमाला दोन-चार अवस्वरूंत उरकता आले असते. धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत ते एका पानात उरकलेले असते. शिवाय ग्रंथाचे मूळ शीर्षक पाहावे. आपण ज्याला क्रिस्तपुराण म्हणतो त्याला कवीने पोर्तुगीजमध्ये जे नाव दिले आहे, त्याचा अर्थ आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचे प्रवचन असा होतो. येणे हा ग्रंथाचा विषय आहे. येणे हा विषय असेल, तर वाट पाहणे हा त्याचा अर्धा भाग झाला. ज्याची वाट पाहिली नाही तो येतो तेव्हा त्याला आगंतुक म्हणतात.

ओवी या छंदाची निवडही आम्हांला याच दृष्टीने महत्त्वाची वाटते. ओवी घाई करू देत नाही. तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा मोकळा. प्रत्येक ओवी थोडी थांबते आणि पुढच्या ओवीकडे पाहते. दळण-कांडणापासून ज्ञानेश्वरी व एकनाथी भागवतापर्यंत मराठी मन ज्या लयीत थांबायला शिकले होते, त्याच लयीत इस्राएलचे थांबणे सांगितले गेले. शब्दांच्या बाबतीतही तेच. शुद्ध मराठी सामान्य श्रोत्यांना कठीण पडेल म्हणून आपण तिच्यात येथील बोलीचे सोपे शब्द मिसळले आहेत, असे स्टीफन्स स्वतः सांगतात. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणण्यास कचरत नाहीत. जुन्या शब्दांत जुनी ओढ साठलेली असते, ती फेकून देऊन नवी ओढ कशी निर्माण होणार? वैकुंठ हा शब्द ज्या कानांनी लहानपणापासून ऐकला होता, त्या कानांना तो परका वाटला नसेल. आणि आता त्या शब्दाच्या दाराशी दुसराच कोणी उभा आहे, हे त्यांना हळूहळू कळत गेले असेल.

ग्रंथ सर्वत्र सारखा नाही, हे सांगितलेच पाहिजे. पहिल्या पुराणात असे पल्ले आहेत की जेथे कवी वाट पाहावयास लावीत नाही, केवळ यादी वाचतो. राजामागून राजे येतात, वाचक थकतो, आणि ज्याच्याकडे सर्व चालले आहे तो दृष्टीआड होतो. मूर्तिपूजेवर प्रहार करतानाही आवाज कर्कश होतो. अशा वेळी श्रोता अपराधी होऊन मान खाली घालील, परंतु ओढ कोणाला धमकावून लागत नाही. आणखी एक उणीव अधिक खोल आहे. स्टीफन्स एका प्रजेची वाट पाहणी सांगतात; एका जिवाची क्वचितच. रात्री एकटा बसून परमेश्वराला हाक मारणारा माणूस आम्हांला या ग्रंथात फारसा भेटत नाही.

ही उणीव तीनशे वर्षांनी नारायण वामन टिळकांनी भरून काढली. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्याआधी ते तुकोबांच्या वाटेने बरेच अंतर चालून आले होते आणि त्या वाटेचे ऋण त्यांनी कधी नाकारले नाही. अभंगांजलीत जी आर्तता आहे, ती साष्टीच्या पाद्रीबाबांना साधणारी नव्हती. तेथे जीव बोलतो, रुसतो, पुन्हा दाराशी येतो. परंतु टिळकांच्या अनुकरणाने पुढे जी गीते आपल्याकडे शेकड्यांनी रचली गेली, त्यांच्याविषयी आमचे मत कडक आहे. त्यांत पहिल्या कडव्यात तहान सांगितली जाते आणि दुसऱ्या कडव्यात ती भागलेली असते. गाणाऱ्याला तहान लागावयास वेळच मिळत नाही. ज्याला अजून काही हवेसे वाटलेले नाही, त्याच्याकडून ते मिळाल्याबद्दल आभार मानून घ्यावयाचे, हा आपल्या गीतांचा नित्याचा व्यवहार झाला आहे. भजनी मंडळातील पेटी-तबला कितीही चांगला असो, त्याने ही खोट झाकत नाही.

टिळकांच्या घरचीच एक गोष्ट या संदर्भात उद्बोधक आहे. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंना बाप्तिस्मा घेण्यास पाच वर्षे लागली. सोवळेओवळे, पाणी, स्पर्श यांच्याशी त्यांचे मन कसे झगडले आणि माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही हे एके दिवशी त्यांना कसे उमगले, हे स्मृतिचित्रे वाचणाऱ्यांना सांगावयास नको. तो बदल वादात हरल्याने झाला नाही. पुढे टिळकांनी आरंभलेले आणि १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूने अर्धवट राहिलेले क्रिस्तायन पुरे केले, ते याच बाईंनी.

वादाचा विषय निघाला म्हणून एक तुलना करतो. स्टीफन्स यांच्यानंतर थोड्याच वर्षांनी, १६२९ मध्ये, फ्रेंच येशूसंघीय एतिएन द ला क्रुआ यांचे प्रेषित पेत्रावरील पुराण गोव्यात छापले जाऊ लागले. तेही ओवीबद्ध, तेही विस्तृत, आणि पुराणकथांचे ज्ञान त्यात कदाचित अधिकच आहे. परंतु ते ज्ञान खंडनासाठी वापरले आहे. देवदेवतांच्या कथा एकेक घेऊन त्या कशा टिकत नाहीत, हे दाखविण्यात त्या कवीची शक्ती खर्च होते. विद्वत्तेबद्दल त्याला मान द्यावा. पण वाचून उठल्यावर परमेश्वर हवासा वाटत नाही, आपले म्हणणे बरोबर आहे एवढेच वाटते. जनांनी कोणता ग्रंथ पोथ्यांतून उतरवून पिढ्यानपिढ्या जपला आणि कोणता विद्वानांपुरता राहिला, हे लक्षात घ्यावे. १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी येथील लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकून आपली भाषा सोडावी, असा हुकूम काढला. त्यानंतर छापखान्यातून अशा पुराणांची अपेक्षा करणे व्यर्थच होते. तरी कुटुंबांनी पोथ्या सोडल्या नाहीत.

आता मुख्य शंकेकडे वळतो, कारण ती आमच्या काही सहकाऱ्यांनी शिबिरात स्पष्टपणे मांडली. वाट पाहणे हे जुन्या कराराचे काम. ख्रिस्त आला, आपल्यात राहिला, मिस्सामध्ये रोज आपल्याला लाभतो. मग ख्रिस्ती माणसाने तळमळत का राहावे? ही तळमळ म्हणजे भक्तिपंथातील विरहाची उसनवारी नव्हे काय? शंका विचार करण्यासारखी आहे, आणि विरहाचे सोंग आणणारी भक्ती आपल्यातही आहे, हे मान्य. परंतु उत्तर मराठी संतांकडून आणण्याची गरज नाही. हिप्पोचे महागुरुस्वामी ऑगस्टीन यांनी योहानाच्या पहिल्या पत्रावर जी प्रवचने केली, त्यांत ख्रिस्ती माणसाच्या सर्व आयुष्याकडे ते एक पवित्र इच्छा म्हणूनच पाहतात. त्यांचा दृष्टान्त साधा आहे. जे भरावयाचे ते मोठे आहे हे ठाऊक असले, म्हणजे माणूस आधी पिशवी ताणून मोठी करतो. परमेश्वर देण्यास विलंब लावतो तो पिशवी ताणली जावी म्हणून. रोमच्या प्रोबा नावाच्या विधवेला प्रार्थनेविषयी लिहिलेल्या पत्रातही तेच सूत्र आहे: आपल्या गरजा देवाला कळाव्यात म्हणून आपण मागत नाही, मागण्याने आपली इच्छा घडते.

न्यस्साचे ग्रेगरी याहीपुढे जातात. मोशेच्या चरित्रावरील आपल्या ग्रंथात ते असे मांडतात की, मोशेने इतके पाहूनही देवाचे दर्शन मागितले आणि त्याची मागणी अशा रीतीने पुरी झाली की तिला शेवट उरला नाही. फिलिप्पैकरांच्या पत्रात प्रेषित पौल मागील विसरून पुढल्याकडे धाव घेण्याविषयी बोलतो, ते शब्द ग्रेगरींच्या मनात सतत आहेत. त्यांच्या मते ओढ ही अभावाची खूण नव्हे. देव अमर्याद आहे म्हणून त्याच्या प्राप्तीतही ओढ वाढतच राहते. असे असेल, तर मिस्सा लाभते म्हणून तळमळ संपावी हा युक्तिवाद उलटा आहे. जो लाभतो त्याच्यासाठीच आपण पुन्हा येण्याची प्रार्थना करतो. पहिल्या ख्रिस्ती जनांनी आपल्या अरामी भाषेतील ती हाक ग्रीक बोलणाऱ्या मंडळ्यांतही तशीच राहू दिली आणि करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या अखेरीस ती आजही आहे.

स्टीफन्स यांनी ग्रेगरी वाचले होते की नव्हते, हा प्रश्न येथे गौण आहे. त्यांनी श्रोत्याची पिशवी ताणली, हे ग्रंथाच्या घडणीतच दिसते. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने श्रद्धेची कलमे सांगण्यापूर्वी माणसाच्या मनातील परमेश्वराच्या इच्छेपासून आरंभ केला, आणि पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ७ नोव्हेंबर २०१२ च्या आपल्या प्रवचनात इच्छेलाही शिक्षण लागते, खऱ्या आनंदांची चव लावून घ्यावी लागते, हे मांडले, तेव्हा पुष्कळांना ते नवे वाटले. साष्टीत ते चारशे वर्षांपूर्वी ओवीत करून झाले होते.

मग आपल्या धर्मग्रामांत काय घडते? आगमनकाळाचेच पाहा. चार आठवडे ख्रिस्तसभेने वाट पाहण्यासाठी राखले आहेत. जांभळी वस्त्रे आपण घालतो, पुष्पचक्रावर मेणबत्त्याही लावतो. परंतु डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात शाळेचा नाताळ होतो, दुसऱ्यात तरुण मंडळाचा, तिसऱ्यात वृद्धांचा. प्रत्येक ठिकाणी गव्हाणीतले बाळ ठेवलेले असते आणि प्रत्येक ठिकाणी केक कापला जातो. चोविसाच्या रात्री बाळ येते तेव्हा ते चौथ्यांदा आलेले असते. पुढे लोक मध्यरात्रीच्या मिस्साला जांभया देतात, आणि आपण त्यांच्या श्रद्धेला बोल लावतो. या व्यवस्थेत आम्हीही बारा-पंधरा वर्षे आनंदाने भाग घेतला आहे, हे लपवीत नाही. तीच गोष्ट धर्मशिक्षणाच्या वर्गाची. प्रश्न आणि उत्तर दोन्ही आपणच छापून देतो. मूल उत्तर पाठ करते. प्रश्न मात्र त्याला कधी पडलेलाच नसतो. साष्टीतल्या माणसाने प्रश्न स्वतः आणला होता, हा केवढा फरक आहे!

म्हणून एका आगमनकाळात, बेळगावच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागातील एका लहान धर्मग्रामात, आम्ही एक प्रयोग केला. संध्याकाळी जपमाळेनंतर पहिल्या पुराणातील निवडक भाग म्हणावयाचा, धर्मशिक्षकाने जुन्या शब्दांचा अर्थ सांगावयाचा, आणि नाताळचा कोणताही कार्यक्रम चोविसापूर्वी करावयाचा नाही, असे ठरले. प्रयोग फारसा यशस्वी झाला नाही. पहिल्या संध्याकाळी पंचवीसएक माणसे होती, चौथ्या संध्याकाळी नऊ. तरुण मंडळ नाराज झाले. कवीच्या यादीवजा ओव्या आम्ही गाळावयास हव्या होत्या, त्या गाळल्या नाहीत, हाही दोष आमचा. एका संध्याकाळी संदेष्ट्यांचा भाग संपल्यावर मागे बसलेल्या एका वृद्ध बाईंनी विचारले, “फादर, मग वाट बघता बघता जी माणसं मेली, ती त्याला भेटली का?” आम्ही इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायाचा दाखला दिला, प्रेषितांच्या विश्वासांगीकारातील मृतलोकात उतरण्याचा अर्थ सांगितला. बाईंनी सर्व ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “ते झालं. पण मरताना त्यांना ठाऊक होतं का, तो येणार म्हणून?”

याचे समाधानकारक उत्तर आम्ही त्या वेळी देऊ शकलो नाही. शिमोनाला ठाऊक होते, लूकने तसे सांगितले आहे. इतरांनी दुरून पाहिले, इतकेच पत्रात आहे. तो प्रश्न घेऊन आम्ही पुष्कळ दिवस वावरलो. सेमिनरीत शिकत असताना असा प्रश्न आम्हांला कोणी विचारला नव्हता आणि आमच्याही मनात तो आला नव्हता. त्या बाई उरलेल्या सर्व संध्याकाळी आल्या.

पुढील आगमनकाळात पहिल्या पुराणाचे चार रविवारांसाठी चार लहान भाग करून, राजांच्या याद्या वगळून, सोप्या अर्थासह धर्मशिक्षकांच्या हाती देण्याचा आमचा विचार आहे. निवड करताना ज्यांच्या घरी जुन्या पोथ्या, किंवा वडीलधाऱ्यांच्या तोंडी काही ओव्या शिल्लक असतील, त्या धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी त्या लिहून पाठवाव्यात. चाल आठवत असेल तर तीही कळवावी. छापील आवृत्त्यांत शब्द मिळतात, चाल मिळत नाही.